‘वायसर’ कुठल्या मेनूत शोधायचा? (कंपनीतल्या माहितीची मांडणी)

डबेबरण्या | मंगळवार, रात्री १०:४०

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज मुहूर्त लागला.

माझ्या कार्डावर ‘सीनियर बिझनेस ॲनालिस्ट’ असं छापलंय, पण गेली सहा वर्षं जे करते त्याला पुस्तकात ‘इन्फर्मेशन आर्किटेक्चर’ म्हणतात. कंपनीकडे जी माहिती आहे ती कुठल्या नावाने, कुठल्या खणात, कोणाच्या ताब्यात ठेवायची आणि ज्याला हवी त्याला ती कशी सापडायची, याचा बंदोबस्त. घरी सांगताना ‘फडताळ लावायचं काम’ म्हणते. सासूबाईंनी विचारलं, “त्याचे पैसे देतात?”

पहिल्या वर्षी मी मेलमध्ये ‘आयए’ असं लघुरूप वापरलं. “सोमवारी स्पेअर्स विभागाचा आयए रिव्ह्यू.” रविवारी रात्री तिथल्या मॅनेजरांचा फोन, “मॅडम, काही तक्रार गेलीय का वरती?” आमच्याकडे आयए म्हणजे इंटर्नल ऑडिट! सोमवारी गेले तर सगळी रजिस्टरं जुळवून टेबलावर मांडलेली आणि दोन माणसं रजा रद्द करून हजर. तेव्हापासून ‘शोधाशोध कमी करायची मीटिंग’ असंच म्हणते.

कंपनीचं नाव सांगत नाही. शेतीचे आणि घरगुती पंप बनवतो, डीलरमार्फत विकतो. डीलरना सुटे भाग मागवायला एक पोर्टल होतं. डीलर त्यावर फिरकायचे नाहीत, सरळ फोन करायचे. मला आदेश एवढाच, की पोर्टल चांगलं दिसेल असं करा.

मी आधी स्टोअरला गेले. तिथल्या काकांना म्हटलं, अमुक मोनोब्लॉक पंपाला सक्शनच्या बाजूला जी ओ-रिंग बसते ती दाखवा. त्यांनी तीन रॅकमधून तीन पुड्या आणल्या, टेबलावर ओतल्या आणि म्हणाले, “ओळखा कुठली कुठली ती.” तिन्ही एकच. माप तेच, रबर तेच, पुरवणारासुद्धा तोच. नंबर मात्र तीन आणि किमतीही तीन. एका रॅकमध्ये माल संपला म्हणून खरेदी खात्याने नवीन ऑर्डर टाकलेली, आणि हाताच्या अंतरावर दुसऱ्या रॅकमध्ये तीच रिंग धूळ खात पडलेली.

कारण आमचा पार्ट नंबर ‘बोलका’ आहे. पहिले दोन आकडे कारखान्याचे, पुढचे दोन पंपाच्या घराण्याचे, मग चार अनुक्रमाचे. ज्यांनी तो पंचवीसेक वर्षांपूर्वी ठरवला ते हुशारच होते. नंबर वाचला की वस्तू कुठली ते कळायचं, कॉम्प्युटर लागायचा नाही. पण ओ-रिंगला घराणं नसतं हो. ती तीन पंपांत बसते, म्हणून तिला तीनदा जन्म घ्यावा लागला. त्यात ज्या कारखान्याचे आकडे ०२, तो बंद होऊन जमाना झाला. ०२चे भाग अजून निघतात, ते ०४मधून. नवीन माणूस हमखास फसतो. माझं मत असं झालंय, की नंबराने फक्त ओळख पटवावी, कुळकथा सांगू नये, कारण कथा बदलते आणि नंबर बदलता येत नाही. (हे आज सांगतेय. पहिल्या वर्षी मी स्वतःच एक बोलका नंबर सुचवला होता. दहा आकडी.)

आता खरी गंमत. काकांकडे एक वही होती. पुठ्ठ्याची, जाडजूड, कडेला अंगठ्यापुरत्या खाचा कापलेली, पूर्वी टेलिफोनच्या वह्यांना असायच्या तशी. पण खाचांवर अ-आ-इ नव्हतं. लिहिलं होतं: ‘गळतं’, ‘आवाज’, ‘पाणी ओढत नाही’, ‘तापतं’, ‘जळालं’. डीलर फोनवर पार्ट नंबर सांगतच नाही, तो म्हणतो पंप पाणी ओढत नाही. की काका ते पान उघडणार. त्यावर फूट व्हॉल्व्ह, ग्लँडची दोरी, सक्शनचा वायसर, इम्पेलर, आणि प्रत्येकापुढे मॉडेलवार नंबर. ‘गळतं’ या पानाच्या कडा तेलाने काळ्या झालेल्या. सगळ्यात जास्त कुठलं पान उघडतं ते विचारायचीसुद्धा गरज नव्हती.

आमच्या पोर्टलचा मेनू काय होता? ‘आमच्याविषयी’, ‘घरगुती विभाग’, ‘कृषी विभाग’, ‘प्रकल्प विभाग’, ‘डाउनलोड्स’. आपण घेतलेला पंप कंपनीतल्या कुठल्या साहेबांच्या अखत्यारीत येतो हे डीलरला कशाला माहीत असेल?

मग शब्दांची मारामारी. डायरेक्टरांनी एकदा विचारलं, आपले ग्राहक किती? तीन खात्यांकडून तीन आकडे आले आणि तिन्ही बरोबर होते. विक्रीवाल्यांचा ग्राहक म्हणजे डीलर. अकाउंट्सचा ग्राहक म्हणजे जीएसटी नंबर, म्हणजे एकाच डीलरची दुकानं कोल्हापूरला आणि निपाणीला असली की राज्यं दोन, नंबर दोन, ग्राहक दोन. सर्व्हिसचा ग्राहक म्हणजे ज्याच्या विहिरीवर पंप बसलाय तो शेतकरी. दोन तास मीटिंग चालली, ‘खरा’ ग्राहक कोण ते ठरवायला. शेवटी मी ‘ग्राहक’ हा शब्दच फळ्यावरून पुसला आणि ‘डीलर’, ‘बिलिंग खातं’, ‘पंपमालक’ असे तीन शब्द लिहिले. एकमत वगैरे झालं नाही. भांडायला विषय उरला नाही, इतकंच.

मेनूवरून झालेलं राजकारण लिहायला बसले तर वेगळा धागा होईल. एका विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, “आमचं नाव दुसरं का?” मी वाद घातला नाही. एका डीलरच्या दुकानात बसून व्हिडिओ काढला. मेकॅनिक दुकानातल्या कॉम्प्युटरवर ग्लँडची दोरी शोधतोय. आधी कृषी, मग घरगुती, मग डाउनलोड्स. चौथ्या मिनिटाला त्याने खिशातून फोन काढला आणि स्टोअरच्या काकांना लावला. हा व्हिडिओ मीटिंगमध्ये दाखवला. पहिला-दुसरा हा विषय पुन्हा निघाला नाही.

आता पोर्टलला तीन दारं आहेत: तक्रार काय आहे, मॉडेल कुठलं, किंवा नंबर माहीत असेल तर नंबर. पहिल्या दाराची यादी काकांच्या वहीवरून उतरवली. मधे वर्षभराने कृषी आणि प्रकल्प विभाग एकत्र झाले, साहेब बदलले, आणि मेनूला हातसुद्धा लावावा लागला नाही.

पण एक गोष्ट मला अजून जमलेली नाही. प्रत्येक पानाला, प्रत्येक यादीला कोणीतरी मालक लागतो. एक्सेलमध्ये ‘मालक’ असा रकाना केला तर निम्म्या ओळींत ‘आयटी’ लिहून आलं. आयटीला काय कळणार इम्पेलरमधलं? तुमच्याकडे हे कसं करतात? आणि या कामाला तुमच्याकडे काय म्हणतात?

नुसताच_वाचक | मंगळवार, रात्री ११:०५

वाखु (वाचनखूण) साठवली. सासूबाईंचा प्रश्न मलाही पडला होता, विचारायचं धाडस नव्हतं.

कंपाइलर_काका | मंगळवार, रात्री ११:५२

ताई, लेख आवडला, पण थोडा खोडा घालतो.

तुमच्या मेनूत विभागांची नावं का आली याचं उत्तर आमच्या धंद्यात १९६८ सालीच देऊन झालंय. मेल्विन कॉनवे नावाच्या गृहस्थाने लिहून ठेवलं, की संस्था जी प्रणाली बांधते तिचा आराखडा त्या संस्थेतल्या बोलण्या-चालण्याच्या आराखड्याबरहुकूम निघतो. तीन टीम असतील तर तीन भागांचं सॉफ्टवेअर. तुम्ही मेनू बदललात, छान. पण खाली ईआरपीमध्ये, म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार नोंदणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, अजून तीन ओ-रिंगा तीनच आहेत ना? मेनू हा वरचा पापुद्रा. खरं दुखणं मास्टर डेटात, म्हणजे वस्तूंच्या मूळ नोंदींत. तिथे एकदा स्वच्छता करा, अर्थ नसलेला नंबर द्या, बाकी गुणधर्म वेगवेगळ्या रकान्यांत टाका, मग मेनू हवा तसा काढता येतो.

दुसरं, मेनू कोण बघतो आजकाल? शोधाची चौकट द्या आणि मोकळे व्हा. आमच्याकडे तर सगळी कागदपत्रं बॉटला खायला घातली आहेत. माणूस विचारतो, बॉट उत्तर देतो. मांडणी-बिंडणी काही नाही.

डबेबरण्या | बुधवार, सकाळी ९:१०

काका, मास्टर डेटाबद्दल शंभर टक्के मान्य. पण ‘एकदा स्वच्छता’ हे तुम्ही किती सहज लिहून गेलात! जुना नंबर साच्यावर कोरलेला आहे, छापील कॅटलॉगमध्ये आहे, डीलरच्या भिंतीवरच्या तक्त्यावर आहे. तो मरत नाही. आम्ही नवा नंबर दिला आणि शेजारी ‘याच्याऐवजी हे’ अशी यादी ठेवली. जुना टाकला तरी नवी वस्तू निघते. तिघींतल्या दोघी रिंगा आता तिसरीकडे बोट दाखवतात. एवढं करायला डिझाइन, खरेदी, स्टोअर आणि अकाउंट्स या चौघांच्या सह्या लागल्या, आणि त्या मिळवण्यात पाच महिने गेले. प्रोग्रामरचं काम दोन दिवसांचं.

शोधाच्या चौकटीबद्दल: मी जुन्या पोर्टलचा लॉग काढला, ज्या शब्दांना ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर गेलं तेवढेच. वर कोण? ‘वायसर’, ‘फुटवाल’, ‘गास्केट’, ‘ग्लान दोरी’. आमच्या कॅटलॉगमध्ये हे सगळं इंग्रजी इंजिनियरिंग भाषेत, फूट व्हॉल्व्हला तर ‘सक्शन नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह’. चौकट कितीही छान असली तरी तिला वायसर म्हणजे वॉशर हे कोणीतरी सांगायलाच हवं ना? आठवडाभर बसून मी आणि सर्व्हिसमधल्या एका मुलाने एक्सेलमध्ये समानार्थी शब्दांची यादी केली. सहा वर्षांत मी केलेल्या कामातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम तेच.

आणि मराठीचे स्वतःचे वेगळेच खड्डे. ‘ॲडॉप्टर’ घ्या. पहिलं अक्षर तीन तऱ्हांनी टाइप होतं: एकसंध ‘ॲ’, हिंदी वळणाचं ‘ऍ’, आणि ‘अ’ला वरून चंद्र चिकटवलेलं. वाचणाऱ्याला एकच शब्द, कॉम्प्युटरला तीन वेगळे. युनिकोडमध्ये ‘ॲ’ला स्वतःचं घर मिळालं तेच मुळी २००८ साली, त्यामुळे जुना मजकूर सगळा पसरलेला. आता शोधायच्या आधी तिन्ही रूपं एकावर आणतो.

तालुक्यांची यादीसुद्धा अशीच. आपल्या वर्णमालेत ळ येतो हच्या नंतर, युनिकोडच्या अनुक्रमात लच्या पाठोपाठ. त्यामुळे यादी निघायची: माळशिरस, मावळ, माहूर. माळशिरसचा डीलर माळशिरस शोधत माहूरच्या आसपास खाली-वर करतोय आणि म्हणतोय, तुमच्या यादीत आमचा तालुकाच नाही!

विहीर_आणि_मोटर | बुधवार, दुपारी १:३५

मी डीलर आहे. तुमच्या कंपनीचा नसेन, पण पंपाचाच. सांगली जिल्हा. वायसर वाचून हसू आलं. आमच्याकडे कोणी वॉशर म्हणाला तर गिऱ्हाईक विचारेल, कपडे धुवायचं मशीन?

पण एक सांगू का? आम्ही फोन का करतो ते तुम्ही नीट विचारलंत का? पार्ट सापडत नाही म्हणून नाही करत. नंबर माझ्या पोराला पाठ आहेत. फोन करतो ते हे विचारायला, की आज गाडी निघणार का. मार्च ते मे शेतकरी दुकानात येऊन बसतो. ऊस वाळतोय. त्याला स्टॉक आहे की नाही याच्याशी काय करायचंय? त्याला उद्या सकाळी पार्ट हातात पाहिजे. पोर्टल म्हणतं ‘उपलब्ध’. उपलब्ध कुठे? पुण्यात? गाडीत? की कोल्हापूरच्या डेपोत? फोनवरचा माणूस सांगतो, “चारच्या गाडीत टाकतो, तुम्ही नऊला स्टँडवर माणूस पाठवा.” हे कुठल्या मेनूत बसवणार?

डबेबरण्या | बुधवार, दुपारी २:२०

बापरे. नाही, हे विचारलं नव्हतं. मी सापडण्यातच अडकले होते.

आमच्याकडे गाड्यांचं वेळापत्रक डिस्पॅचच्या भिंतीवर, पांढऱ्या फळ्यावर मार्करने लिहिलेलं असतं. ते कुठल्याही सिस्टिममध्ये नाही. म्हणजे ज्या माहितीसाठी फोन येतात ती मांडायला घेतलेल्या डब्यांत नव्हतीच. उद्या डिस्पॅचला जाते.

जुना_दप्तरी | बुधवार, रात्री ८:१५

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. तुमच्या विषयाचं इंग्रजी नाव आज प्रथम ऐकलं. काम मात्र आयुष्यभर हेच केलं.

आमच्याकडे सहा गठ्ठे पद्धत होती. टेबलावरचा प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात गेलाच पाहिजे. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन, म्हणजे दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघणारी, नियतकालिके, म्हणजे ठरावीक तारखेला पाठवायची विवरणपत्रे, स्थायी आदेशांच्या संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची, आणि शेवटी नष्ट करायची. गंमत बघा, यात जमीन, रेशन, निवडणूक असा विषयवार गठ्ठा एकही नाही. ‘या कागदाचं पुढे काय करायचं’ या हिशेबाने गठ्ठे. साहेब अचानक आले तर दुसऱ्या गठ्ठ्याची जाडी बघून विचारायचे, स्मरणपत्रं कधी धाडली?

अभिलेखांचे वर्ग वेगळे. अ कायमचा, ब तीस वर्षं, क दहा, क-१ पाच आणि ड एक वर्ष. कागद जन्माला आला की त्याच्या मरणाची तारीख ठरलेली. ऐंशीच्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरला लखीना साहेब कलेक्टर असताना त्यांनी कार्यालयांची जी घडी बसवली तिला पुढे ‘लखीना पॅटर्न’ नाव पडलं. राज्यभर गाजला. बसायच्या जागेपासून दप्तरापर्यंत सगळं त्यात आलं.

माहितीचा अधिकार २००५चा. सगळ्यांना अर्ज कसा करायचा ते माहीत असतं. पण त्याच कायद्याच्या कलम ४च्या अगदी सुरुवातीलाच म्हटलंय, की कार्यालयाने आपले अभिलेख सूचीबद्ध आणि निर्देशांकासह ठेवावेत. ते केलं असतं तर निम्मे अर्ज आलेच नसते. आमच्याकडे झालं होतं असं म्हणणार नाही. ज्या कारकुनाला गठ्ठ्याचं ठाऊक त्याची बदली झाली, की गठ्ठा हरवलाच समजा.

तुमच्या ‘मालक कोण’ या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर होतं. पदाला जबाबदारी, माणसाला नाही. कार्यभार देताना-घेताना यादी करून सही. यादीशिवाय कार्यभार घ्यायचा नाही. मी एकदा घेतला, सहा महिने भोगलं.

डबेबरण्या | बुधवार, रात्री ९:००

काका, ‘कागद जन्माला आला की मरणाची तारीख ठरलेली’ हे मी आमच्या ऑफिसात मोठ्या अक्षरात लावणार आहे, तुमच्या परवानगीने. आमच्याकडे कागद जन्मतात फक्त.

थंडीतला_पुणेकर | गुरुवार, पहाटे ३:१२

लीड्सहून. डीलर दादांचा मुद्दा लाख मोलाचा. आता इकडचं थोडं.

ब्रिटन सरकारची मुख्य साइट ऑक्टोबर २०१२मध्ये सुरू झाली, आधीच्या दोन मोठ्या सरकारी साइट्स बंद करून. पुढच्या दोनेक वर्षांत मंत्रालयं आणि ३००वर सरकारी संस्था तिच्यात आणल्या. धोरण असं, की गाडीचा कर भरायला कुठलं खातं लागतं हे माणसाला ठाऊक असायची गरज नाही. वाचायला सोपं, पण म्हणजे शेकडो खात्यांनी आपापली पाटी उतरवायची! ते झालं कारण वरून जोर होता आणि पैशाची चावी त्याच ठिकाणी होती. चांगल्या मांडणीवर खूश होऊन कोणी पाटी उतरवली नाही.

आणि तिथेही काम संपलं असं नाही. मजकूर इतका वाढला की सुरुवातीचे विषयवार गट पुरेनात, काही वर्षांनी शिक्षणापासून सुरुवात करून पुन्हा नव्याने वर्गीकरण करायला घेतलं.

अवांतर: कोणी साहेब “मेनूत सातच गोष्टी हव्यात, मानसशास्त्र आहे” असं म्हणतात का तुमच्याकडे? जॉर्ज मिलर यांचा १९५६चा लेख डोक्यात किती गोष्टी एका वेळी धरता येतात याबद्दल आहे. मेनू डोळ्यांसमोर असतो, पाठ करायचा नसतो. मी हे सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले, बरं, मग आठ ठेवा.

शब्दप्रभू_नाही | गुरुवार, सकाळी १०:३०

या कामाला मराठीत ‘माहितीस्थापत्य’ म्हणावं असं सुचवतो. रिचर्ड सॉल वुर्मन हे मुळात वास्तुरचनाकारच होते, त्यांनी १९७६मध्ये अमेरिकेतल्या वास्तुरचनाकारांच्या अधिवेशनाचा विषयच ‘माहितीचं स्थापत्य’ असा ठेवला होता. तेव्हा भाषांतर चोख आहे.

नुसताच_वाचक | गुरुवार, सकाळी १०:३४

“मी माहितीस्थापत्यकार आहे.” “बरं, आमच्या बाल्कनीला परवानगी मिळेल का?”

ग्रंथपाल_बाई | गुरुवार, संध्याकाळी ६:४५

इतका वेळ वाट बघत होते की रंगनाथनांचं नाव कोणी घेतंय का.

कंपाइलर काका म्हणतात ‘गुणधर्म वेगवेगळ्या रकान्यांत टाका’. हे एस. आर. रंगनाथन यांनी मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून केलं, १९३३मध्ये छापलं, नाव द्विबिंदू वर्गीकरण. त्याआधीचं ड्युईंचं १८७६चं दशांश वर्गीकरण म्हणजे एक मोठं झाड. प्रत्येक पुस्तकाला एकच फांदी. आणि फांद्या कोणाच्या नजरेने पाडल्या ते दिसतंच: धर्म म्हणजे २००, त्यातलं २२० ते २८० ख्रिस्ती धर्माला, आणि बाकी जगातले सगळे धर्म २९०मध्ये कोंबलेले. आपलं मराठी साहित्य ८९१.४६ला, दशांशचिन्हाच्या पलीकडे! ताईंचा बोलका पार्ट नंबर हा ड्युईंचा भाऊ आहे.

रंगनाथनांनी फांदी आधी ठरवायचीच नाही असं म्हटलं. विषयाचे पैलू सुटे करायचे: मुख्य वस्तू कुठली, कशाची, काय क्रिया, कुठे, कधी. मग लागतील तसे जोडायचे. लंडनच्या एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला आणि त्यातून ही कल्पना सुचली, असं सांगतात. खरेदीच्या साइटवर डावीकडे किंमत, रंग, माप, कंपनी असे चौकोन असतात ना टिक करायला, त्यांच्या मुळाशी हाच पैलूंचा विचार. ताईंच्या पोर्टलची तीन दारं म्हणजे तीन पैलू. वहीवाले काका आणि सहा गठ्ठेवाले काका, दोघेही बरोबर. एकाच वस्तूला ‘तक्रार’ हा पैलू आहे आणि ‘पुढे काय करायचं’ हाही.

मात्र एक कबूल करते. द्विबिंदू वर्गीकरण सुंदर असूनही फार थोड्या ग्रंथालयांत चाललं, ड्युई बहुतेक सगळीकडे चालतं. कारण ड्युईंचा आकडा मणक्यावर चिकटवून शिपाईसुद्धा पुस्तक जागेवर लावू शकतो. वस्तू रॅकमध्ये शेवटी एकाच जागी ठेवावी लागते. ताई, तुमच्या स्टोअरच्या काकांनी रॅक कसे लावलेत, तक्रारीप्रमाणे?

डबेबरण्या | गुरुवार, संध्याकाळी ७:३०

नाही हो बाई! रॅक वजनाप्रमाणे. जड खाली, हलकं वर, रोज लागणारं दाराजवळ. वही तक्रारीप्रमाणे. म्हणजे त्यांनी न शिकता दोन्ही वेगळं ठेवलं: वस्तू राहते कुठे ते एक, आणि सापडते कशी ते दुसरं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

कंपाइलर_काका | गुरुवार, रात्री १०:२०

रंगनाथन सलाम. पण माझ्या बॉटच्या मुद्द्याला कोणी उत्तर दिलं नाही.

डबेबरण्या | गुरुवार, रात्री १०:५०

देते. आमच्याकडेही आणला होता, प्रयोग म्हणून. डीलरने किंमत विचारली, बॉटने सफाईदार मराठीत सांगितली. २०१९ची. कारण फोल्डरमध्ये ‘किंमतपत्रक अंतिम’, ‘किंमतपत्रक अंतिम नवीन’ आणि ‘किंमतपत्रक अंतिम नवीन वापरा हेच’ अशा तीन फायली होत्या, आणि कुठली चालू ते फक्त प्राइसिंगमधल्या एका बाईंना ठाऊक. डीलरने बॉटच्या स्क्रीनशॉटवर आमच्याकडून जुन्या भावाने माल मागितला. आम्ही दिला! काय करणार?

माझं बॉटशी वैर नाही. उलट वायसरचं त्याला आपोआप कळलं, माझ्या यादीची गरज पडली नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण कुठली फाइल जिवंत आणि कुठली मेलेली, हे त्याला कळेना. दप्तरी काकांचा सहावा गठ्ठा आमच्याकडे नव्हता.

कंपाइलर_काका | गुरुवार, रात्री ११:०१

हं. आमच्याकडे एचआरच्या रजेच्या नियमांबाबत असंच झालं. मला वाटलं मॉडेल खराब आहे.

लेखापरीक्षक_माहेरची | शुक्रवार, सकाळी ११:१५

मी खरीखुरी आयए! इंटर्नल ऑडिटवाली. :)

ताई, नाव लपवू नका, उलट आमची मदत घ्या. एकाच वस्तूचे तीन नंबर आणि तीन किमती हा आमच्यासाठी शेरा आहे, आणि आमचा शेरा संचालकांसमोर जातो. तुम्ही ‘शोधायला सोपं होईल’ म्हणालात तर वित्तवाले जांभया देतील. ‘एवढ्या रकमेचा न हलणारा साठा दुबार नंबरांमुळे पडून आहे’ म्हणालात तर सरसावून बसतील. आकडा स्टोअरच्या वार्षिक मोजणीतून काढता येतो. आणि मालकाचा रकाना आम्ही तपासायला घेतला ना, की ‘आयटी’ असं लिहायची कोणाची हिंमत होणार नाही.

डबेबरण्या | शुक्रवार, दुपारी १२:४०

तुम्ही आमच्या कंपनीत या. कृपया.

विहीर_आणि_मोटर | शनिवार, संध्याकाळी ५:५०

ताई, त्या फळ्याचं काय झालं? गेला होतात का डिस्पॅचला?

डबेबरण्या | शनिवार, रात्री ९:२५

गेले होते. फळ्यावर गाडी नंबर, मार्ग आणि निघायची वेळ लिहिलेली असते, डिस्पॅचचा सुपरवायझर दिवसात तीनदा पुसून लिहितो. मी त्याला म्हटलं, हे पोर्टलवर भराल का? तो म्हणाला, “मॅडम, माझे दोन्ही हात मालात असतात.” मग ठरलं असं, की तो फळा लिहून झाला की फोटो काढून ग्रुपवर टाकणार, तेवढं त्याला जमतं. आमचा एक मुलगा तो बघून पोर्टलवर चार ओळी भरणार. गबाळं आहे, माहीत आहे. सोमवारपासून दोन मार्गांवर करून बघतोय. यादीत मालक म्हणून सुपरवायझरच्या पदाचं नाव लिहिलंय, माणसाचं नाही.

त्याने एक विचारलं, आणि मला उत्तर देता आलं नाही. चारची गाडी साडेपाचला निघाली तर फळ्यावरची चार ही वेळ पुसायची, की शेजारी साडेपाच लिहायचं?

विहीर_आणि_मोटर | शनिवार, रात्री ९:४०

शेजारी लिहा. चार दिसलं नाही तर आमचा माणूस म्हणेल, गाडीच नव्हती.